रोथॅमस्टेडची खतावणी : सर जॉन बेनेट लॉझ यांचे चरित्र

दाता आपल्या हयातीत किती देतो, यापेक्षा त्याने दिलेले त्याच्या पश्चात किती काळ फळते, यावरच दानाची खरी किंमत ठरते. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत समाजातील दानशूर पूर्वजांचे स्मरण होणे उचितच आहे. त्यांच्याच पंक्तीला एका दूरदेशीच्या गृहस्थाचे चरित्र मांडावे, असे मला मनापासून वाटले. हे गृहस्थ आपल्या धर्माचे नव्हेत, आपल्या देशाचेही नव्हेत. ते जमीनदार होते, कारखानदार होते, व्यापारी होते. आणि व्यापारात मिळवलेल्या द्रव्यातून त्यांनी शेतीच्या ज्ञानाचे असे एक खाते उघडले की, ते १८४३ साली सुरू होऊन आजतागायत बंद झालेले नाही. त्यांचे नाव सर जॉन बेनेट लॉझ.

लंडनच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर, हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेंडेन नावाचे गाव आहे. या गावाशेजारी रोथॅमस्टेड ही जुनी जहागीर आणि तिच्या मध्यभागी विटांनी बांधलेला ऐसपैस वाडा आहे. वाड्याचे आजचे रूप मुख्यतः सतराव्या शतकातले असून, ते त्याला विटरॉन्ग या घराण्याने दिले. धर्मछळामुळे फ्लँडर्स प्रांतातून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले हे घराणे होते. त्यांच्यापैकी सर जॉन विटरॉन्ग यांनी १६८४ ते १६८९ या काळात हवामानाची नियमित रोजनिशी लिहिली होती. नोंद ठेवण्याची ही सवय जणू त्या वास्तूच्या भिंतींतच मुरलेली असावी. कारण पुढे दीडशे वर्षांनी तेथेच जगातील सर्वांत दीर्घ अशा शेतीनोंदींची वही उघडली गेली.

२८ डिसेंबर १८१४ रोजी याच जहागिरीत लॉझ यांचा जन्म झाला. १८२२ साली, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांचे पितृछत्र हरपले. मातोश्री मेरियन यांनी एकुलत्या एका मुलाला वाढवले. ईटन येथील शाळा आणि ऑक्सफर्डचे ब्रेझनोज कॉलेज असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. पण पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमले नाही आणि पदवी न घेताच ते घरी परतले. १८३४ साली, विशीच्या उंबरठ्यावर, जहागिरीचा कारभार त्यांच्या हाती आला. त्यांना ओढ होती ती रसायनशास्त्राची. वाड्यातील एका उत्तम शयनगृहात त्यांनी भट्ट्या, नळकांडी आणि बाटल्या मांडून प्रयोगशाळा थाटली. घरातील चांगली खोली अशी धुराने काळवंडताना पाहून मातोश्रींना काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला सहज करता येईल. अफू, धोतऱ्यासारख्या विषारी वनस्पती लावून त्यांतील औषधी द्रव्ये वेगळी काढण्याचा खटाटोप प्रथम झाला. नंतर हे सारे काम जवळच्या जुन्या धान्यकोठारात हलविण्यात आले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते शेजारच्या एका जमीनदाराच्या साध्या शंकेमुळे. लॉर्ड डेकर नावाच्या या गृहस्थांनी एक गोष्ट लॉझ यांच्या नजरेस आणून दिली. त्या काळी सलगम पिकाला हाडांचा चुरा खत म्हणून घालीत. एका शेतात त्याने पीक तरारून येई, तर दुसऱ्या शेतात तोच चुरा मातीमोल ठरे. असे का व्हावे? लॉझ यांनी १८३७ च्या सुमारास कुंड्यांमध्ये रोपे लावून प्रयोग आरंभले. हाडांतील स्फुरद आम्लधर्मी जमिनीत हळूहळू विरघळते, पण चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही आणि मुळांच्या उपयोगी पडत नाही. तेच द्रव्य आधी गंधकाम्लात मुरवले, तर ते पाण्यात विरघळणारे होते आणि रोपाला तत्काळ मिळते. यालाच आपल्याकडील शेतकरी सुपर फॉस्फेट म्हणून ओळखतो. १८४० व १८४१ साली शेतावर त्याची खात्री करून घेऊन २३ मे १८४२ रोजी लॉझ यांनी त्याचे पेटंट घेतले.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकांना हाडांचा हा उल्लेख खटकेल, याची मला जाणीव आहे. पुढे रोथॅमस्टेडला पशूंच्या आहारावर व शरीरघटनेवर जे प्रयोग झाले, त्यांत पशूंचा वधही झाला. चरित्र सांगताना हे झाकून ठेवणे योग्य नव्हे. मात्र हेही नमूद केले पाहिजे की, लॉझ यांच्या पेटंटात खनिज स्फुरदाचाही समावेश होता. हाडांवर आम्लाची प्रक्रिया करण्याची कल्पना इतरांनीही मांडलेली असल्याने त्यांनी हाडांवरचा दावा सोडला आणि खनिजांपुरताच हक्क राखला. लवकरच या धंद्याचा मुख्य आधार जमिनीतून काढलेले स्फुरदयुक्त दगडच झाले, आणि आज बाजारात मिळणारे सुपर फॉस्फेट खनिजापासूनच बनते.

२८ डिसेंबर १८४२ रोजी, म्हणजे आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, लॉझ यांचा कॅरोलीन फाउंटन यांच्याशी विवाह झाला. नवविवाहित जोडप्याने परदेशी सहलीस जायचे, ही तेथील श्रीमंतांची रीत. लॉझ यांनी पत्नीला टेम्स नदीवर नावेतून फिरवले आणि त्या फेरीत कारखान्यासाठी काठावरची जागा हेरली, असे त्यांच्याविषयी सांगतात. १८४३ साली लंडनच्या डेप्टफर्ड भागात त्यांचा खतकारखाना सुरू झाला. जमीनदाराने खत विकायला बसावे, हे त्या काळच्या प्रतिष्ठित समाजाला रुचणारे नव्हते. लॉझ यांनी त्याची फिकीर केली नाही. पेटंटावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. डब्लिनच्या डॉ. जेम्स मरे यांनीही तशाच कृतीचे पेटंट घेतले होते, ते लॉझ यांनी १८४६ साली मोबदला देऊन विकत घेतले. पुढे टेम्सच्याच काठी बार्किंग येथे १८५७ साली दुसरा मोठा कारखाना उभा राहिला.

इथपर्यंतची कथा एका यशस्वी कारखानदाराची आहे. अशा कथा पुष्कळ आहेत. लॉझ यांचे वेगळेपण यापुढे दिसते. कारखाना निघाला त्याच वर्षी, १ जून १८४३ रोजी, त्यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनज्ञाला रोथॅमस्टेडला नेमले. गिल्बर्ट यांचा जन्म १८१७ चा. लहानपणी बंदुकीच्या अपघातात त्यांचा एक डोळा निकामी झाला होता. तरीही त्यांनी जर्मनीत गीसेन येथे विख्यात रसायनज्ञ लिबिग यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली होती. लॉझ हे कल्पक आणि व्यवहारी, तर गिल्बर्ट अतिशय काटेकोर. एकाची दृष्टी शेतकऱ्याची, दुसऱ्याची हिशेबनिसाची. या दोघांची भागी १८४३ पासून १९०० पर्यंत, म्हणजे तब्बल ५७ वर्षे टिकली. दुकानातील भागीदारी सात वर्षे टिकवताना काय कष्ट पडतात, हे आम्हा व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून या आकड्याचे मोल आम्हाला अधिक वाटते.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाची पेरणी झाली. सुमारे ११ एकरांच्या या क्षेत्राचे लांबट पट्टे पाडले होते. एका पट्ट्याला काहीच घालायचे नाही. एका पट्ट्याला दर एकरी १४ टन शेणखत. बाकीच्या पट्ट्यांना नत्र, स्फुरद, पालाश यांची वेगवेगळी मिश्रणे. पीक तेच, शेत तेच, दरवर्षी. कापणीनंतर प्रत्येक पट्ट्याचे धान्य व पेंढा वजन करून लिहायचा, नमुना बाटलीत भरून जपायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचे. १८५२ साली होजफील्ड येथे जव व १८५६ साली पार्क ग्रास येथे गवताच्या कुरणावर असेच प्रयोग सुरू झाले.

या प्रयोगांचे रहस्य काही न घातलेल्या पट्ट्यात आहे. आमच्या धंद्यात नफा मोजायचा तर आधी मूळ भांडवल ठाऊक असावे लागते. तसा हा पट्टा म्हणजे जमिनीची मूळ शिल्लक होती. १८५२ पासूनच्या पन्नास वर्षांत त्या पट्ट्याने एकरी सरासरी १३ बुशेल, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलो गहू दिला. शेणखताच्या पट्ट्याने सरासरी ३५ बुशेल दिला. नत्र, स्फुरद, पालाश योग्य प्रमाणात मिळालेले पट्टे शेणखताच्या बरोबरीने उतरले. उपाशी ठेवलेली जमीन एकदम वांझ होत नाही, पण अर्धपोटी जगते, हे यावरून कळले. घातलेल्या प्रत्येक द्रव्याचा जमाखर्च प्रथमच अंकांत मांडला गेला. आपल्या भाषेत खत आणि खतावणी हे दोन शब्द शेजारी बसतात, हा योगायोग असेल. रोथॅमस्टेडला मात्र त्या दोहोंची खरोखरच गाठ पडली होती.

या खतावणीमुळेच लॉझ आणि गिल्बर्ट यांना गिल्बर्ट यांच्या गुरूशी वाद घालावा लागला. पिकाला नत्र हवेतून पुरेसे मिळते, जमिनीत केवळ खनिज क्षार परत घातले की पुरे, असे लिबिग यांचे मत होते. साऱ्या युरोपात त्यांचा दबदबा होता. ब्रॉडबॉकचे आकडे मात्र वेगळे सांगत होते. नुसत्या खनिज क्षारांच्या पट्ट्यात गहू फारसा वाढत नव्हता, नत्र घातले की वाढत होता. १८४७ साली लॉझ यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे अनेक वर्षे कडवट वाद चालला. गव्हापुरता निकाल शेताने दिला, आणि तो रोथॅमस्टेडच्या बाजूने होता.

परंतु याच कथेचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. आपल्या शेतकऱ्याला हरभऱ्याचा बेवड चांगला, हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. डाळवर्गीय पिकानंतर जमीन कसदार का होते, हे कोडे लॉझ व गिल्बर्ट यांनी इव्हॅन प्यू या अमेरिकन रसायनज्ञाच्या साहाय्याने १८५७ पासून सोडवायला घेतले. शंकेला जागा राहू नये म्हणून त्यांनी माती तापवून घेतली आणि कुंड्या बंदिस्त ठेवल्या. वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल व विलफार्थ यांनी दाखवून दिले की, डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हे काम करतात. रोथॅमस्टेडच्या तापवलेल्या मातीत ते जीव जळून गेले होते. अति काटेकोरपणामुळेच सत्य निसटले होते. तेव्हा लॉझ सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी व गिल्बर्ट यांनी प्रयोग नव्याने केले, जर्मन संशोधकांचे म्हणणे पडताळले आणि ते मान्य करून प्रसिद्ध केले. तीस वर्षे धरून ठेवलेला निष्कर्ष म्हातारपणी बदलणे सोपे नसते. वही खरी असेल, तर तिच्यात दुरुस्तीची नोंदही त्याच अक्षरात करावी लागते.

इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी लॉझ यांचे उपकार लवकर ओळखले. त्यांनी वर्गणी जमवून त्यांना मानाची भेट देण्याचे ठरवले. लॉझ यांनी चांदीच्या वस्तू नको म्हणून कळवले आणि त्या पैशातून प्रयोगशाळा बांधावी, असे सुचवले. १८५५ साली ती इमारत खुली झाली आणि धान्यकोठारातील जुनी प्रयोगशाळा सुटली. १८५४ साली लॉझ रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८६७ साली या संस्थेचे रॉयल पदक दोघांना मिळून देण्यात आले. १८८२ साली लॉझ यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. लॉझ दरवर्षी ब्रॉडबॉकच्या उताऱ्यावरून देशाच्या गहू पिकाचा अंदाज बांधून टाइम्स वृत्तपत्रात पत्राने प्रसिद्ध करीत आणि धान्याचे व्यापारी त्याची वाट पाहत. गावातील भूमिहीन मजुरांना भाजीपाला पिकवता यावा म्हणून त्यांनी १८५२ पासून जमिनीचे छोटे तुकडे दिले आणि त्यांच्यासाठी १८५७ साली मंडळाचे घरही बांधून दिले. ते पाहून सुप्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी त्यावर लेख लिहिला होता.

१८७२ साली लॉझ यांनी खताचा धंदा ३ लाख पौंडांना विकला. साठीच्या आसपासचा माणूस धंदा विकतो तेव्हा त्याच्या मनात वारसांचा आणि विश्रांतीचा विचार असतो. लॉझ यांच्या मनात ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांचा विचारही होता. आपण डोळे मिटल्यावर या पट्ट्यांत दरवर्षी गहू कोण पेरणार? या प्रयोगांतून विक्रीला काहीच निघत नाही. एखादा वारस पुढे म्हणाला असता की, न घातलेला पट्टा कशाला ठेवायचा, तिथेही खत घालून पीक काढू, तर साठ वर्षांची वही एका हंगामात निकामी झाली असती.

म्हणून त्यांनी १८८९ साली रीतसर ट्रस्ट केला. त्यासाठी १ लाख पौंड वेगळे काढले, म्हणजे धंद्याच्या विक्रीतून आलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाइतके. प्रयोगशाळा आणि प्रयोगांची शेते ९९ वर्षांच्या कराराने नाममात्र भाड्यावर ट्रस्टच्या स्वाधीन केली. व्यवस्थापन समिती नऊ जणांची. त्यांतील चार रॉयल सोसायटीने नेमायचे, दोन रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीने, एकेक केमिकल सोसायटी व लिनियन सोसायटीने, आणि रोथॅमस्टेडच्या धन्याला एकच जागा. ही घटना आपण विश्वस्तांनी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. ज्याने सारे द्रव्य दिले, त्याच्या घराण्याकडे नवांपैकी एकच मत ठेवले गेले. दान दिले, पण दानाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावून ठेवली नाही.

१८९३ साली प्रयोगांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. प्रयोगशाळेसमोर ग्रॅनाइटची एक मोठी शिळा स्मारक म्हणून बसवण्यात आली. लॉझ यांना त्यांचे तैलचित्र अर्पण करण्यात आले आणि त्याच वर्षी गिल्बर्ट यांना सर ही पदवी मिळाली. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीही ब्रॉडबॉकमध्ये नेहमीप्रमाणे कापणी, वजन आणि नोंद झाली. ३१ ऑगस्ट १९०० रोजी लॉझ यांनी रोथॅमस्टेड येथे देह ठेवला. गिल्बर्ट यांना जोडीदाराविना फार काळ कंठावा लागला नाही. २३ डिसेंबर १९०१ रोजी तेही गेले.

येथे एरवी चरित्र संपते. लॉझ यांचे खरे चरित्र मात्र येथून पुढेच सुरू होते, असे म्हणता येईल. नोंदींचा ढीग इतका वाढला की, त्यातून अर्थ काढण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला रोथॅमस्टेडला बोलावण्यात आले. या नोंदी चाळता चाळता त्यांनी प्रयोग कसा आखावा आणि आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, याचे नवे शास्त्र घडवले. आज औषधांच्या चाचण्यांपासून कारखान्यातील तपासणीपर्यंत ते सर्वत्र वापरले जाते. हेच फिशर १९३८ साली कोलकात्यातील पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेसाठी भारतात आले होते. या शास्त्राची परंपरा आपल्या मराठी माणसांनीही पुढे नेली. डॉ. व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतीसंशोधकांसाठी मिळून लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि देशभरातील कृषी महाविद्यालयांत पाठ्यग्रंथ ठरला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे नावही येथे घ्यावे लागेल. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावची त्यांनी केलेली आर्थिक पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. पुढे मायदेशी परतल्यावर रोथॅमस्टेडच्या धर्तीवर निघालेल्या वोबर्न येथील प्रयोगकेंद्राचे त्यांनी दीर्घकाळ काम पाहिले.

लॉझ यांच्या वारशावर टीकाही झाली. इंदूर येथे १९२४ साली संशोधन संस्था उभारून कंपोस्टची पद्धत प्रचारात आणणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी रासायनिक खतांच्या विचारसरणीवर आणि रोथॅमस्टेडच्या पद्धतीवर कठोर आक्षेप घेतले. सुपीक जमीन म्हणजे केवळ तीन क्षारांची गोळाबेरीज नव्हे, हा त्यांचा मुद्दा विसरता येणार नाही. पण विशेष असे की, या वादातही दोन्ही बाजूंना पुरावा ब्रॉडबॉकच पुरवते. तेथील शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय द्रव्य उपाशी पट्ट्याच्या दुपटीहून अधिक साठले आहे, हेही त्याच वहीत नोंदलेले आहे. जपून ठेवलेल्या माती, धान्य व पेंढ्याच्या नमुन्यांची संख्या आता सुमारे ३ लाखांवर गेली आहे. हवेतील प्रदूषण किती वाढले, पिकांवरील रोग कसे बदलले, असे लॉझ यांच्या स्वप्नातही नसलेले प्रश्न त्या जुन्या बाटल्या उघडून सोडवले जातात.

आणि तो वाडा? १९३४ साली जहागीर विक्रीस निघाली, तेव्हा प्रयोगांची शेते घरबांधणीत नाहीशी होण्याची भीती निर्माण झाली. तत्कालीन संचालक सर जॉन रसेल यांनी जनतेला आवाहन केले. थोरामोठ्यांच्या देणग्यांबरोबर सामान्यांनीही आपला वाटा उचलला आणि वाड्यासह जहागीर संस्थेच्या मालकीची झाली. ज्या घरातील शयनगृहात एका तरुणाने आईची नाराजी पत्करून भट्टी पेटवली होती, ते घर अशा रीतीने लोकवर्गणीने वाचले.

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. आहारदानाचे पुण्य डोळ्यांना लगेच दिसते. शास्त्रदानाचे फळ मात्र देणाऱ्याला क्वचितच पाहायला मिळते, म्हणून ते अधिक निरपेक्ष. लॉझ यांनी अन्नाविषयीचे शास्त्र दिले, तेव्हा ही दोन्ही दाने एकत्र आली असे म्हणता येईल. ट्रस्टचा पैसा वर्षाअखेर जुळला की काम संपले, असे मानण्याचा मोह प्रत्येक संस्थेला होतो. ताळेबंद जुळणे आवश्यकच आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी ज्या हेतूने पहिली ओळ लिहिली गेली, त्या हेतूची नोंद आजच्या पानावरही होते आहे काय, हे पाहणे त्याहून आवश्यक आहे. ब्रॉडबॉकमध्ये १८४३ साली पेरलेल्या गव्हाची नोंद करणारे हात केव्हाच मातीत मिसळले. नोंद मात्र चालू आहे. आपल्या ट्रस्टच्या वह्या पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या हाती जाणार आहेत, त्या तरुण विश्वस्तांना या चरित्रातून काही घेता आले, तर हा लेख सार्थकी लागला असे मी समजेन.